तारमास्तरांनी घातलेली मागणी

पनवेलला मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, मांसमच्छी खातो का हेही विचारलं नाही. ओटीवरच्या घडीच्या खुर्चीत बसून त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हुतुतू बघता?"

"बघतो," मी म्हणालो.

"कोणाच्या बाजूचे? संघाच्या की शेठच्या?"

मला काहीच उमगलं नाही. हायस्कुलात नुकतीच नोकरी लागली होती आणि गावात माझी कोणाशी ओळख नव्हती. मी खरं तेच सांगितलं, की मी आपट्याच्या पलीकडच्या गावचा, इथला संघही पाहिलेला नाही आणि शेठही.

"उत्तम. कोरी पाटी. खोली तुमची."

आतून बाईंचा आवाज आला, "अहो, भाडं तरी सांगा त्यांना."

"ते तू सांग. मी महत्त्वाचं बोललोय."

त्या खोलीत मी काढलेली वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं होती. माझे वडील पाताळगंगेवर होडी चालवत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शिकल्यासवरल्या माणसांत कसं बसावं, मोठ्या माणसाला न दुखावता खरं कसं सांगावं, हे मला शिकवायला घरी कोणी नव्हतं. ते मी शिकलो या घरमालकांकडून, हुतुतूच्या मैदानाच्या कडेला बसून.

ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. तारखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, म्हणून सगळं गाव त्यांना तारमास्तर म्हणे. मी त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या पत्नीला काकू. ते मला बी.ए. म्हणत. कोणाशी ओळख करून देताना आधी "हे बी.ए." म्हणत आणि मग क्षणभर थांबत, समोरच्याला ते नीट समजावं म्हणून. माझ्या डिग्रीचा माझ्या आईबापानंतर इतका आनंद दुसऱ्या कोणाला झाला असेल असं मला वाटत नाही.

उंच, काटकुळी मूर्ती. पांढरा लेंगा, काळा कोट, काळी टोपी. कोट वैशाखातही उतरत नसे. आयुष्यभर तारा पाठवल्यामुळे बोलणंही तारेसारखंच झालेलं. सकाळी खोलीच्या दारात येऊन म्हणत, "बी.ए., दूध नासलं. चहा कोरा. क्षमस्व." बाहेरगावी सामना बघून आले आणि कोणी निकाल विचारला, तर चालता चालता सांगत, "हरलो. कारण मेहुणा. तपशील मागाहून." आणि तपशील खरोखरच मागाहून येत. आठवडाभर येत राहत.

विचारात असले की त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर कट्ट-कड, कट्ट-कड वाजत. जुनी सवय. एकदा मी विचारलं, "काका, हे काय पाठवता?"

"शेठला शिव्या. खात्यात असताना बंदी होती. साठून राहिल्यात."

आता या शेठबद्दल सांगायला हवं. खाडीच्या बाजूला त्यांची भाताची मोठी गिरणी होती आणि हुतुतूचा संघ त्यांच्या मालकीचा होता. तेव्हा आम्ही हुतुतूच म्हणत असू. कबड्डी हे नाव अजून सरकारी वाटे. संघातली पोरं गिरणीतले हमाल, नाहीतर खारघर बाजूच्या मिठागरांवरचे आगरी. शेठ त्यांना गिरणीचं नाव छापलेल्या बनियनी देत, बाहेरगावी जायला गिरणीचा ट्रक देत आणि सामना झाला की पोटभर जेवायला घालत. एवढं करणारा माणूस वाईट कसा असेल? ते वाईट नव्हतेच. त्यांना फक्त खेळ कळत नव्हता, आणि कळत नाही हेही कळत नव्हतं.

संघ ते गिरणीसारखा चालवत. चढाईला कोणी जायचं ते नोकरीत जुनं कोण यावर ठरे. खेळाडू निवडताना धष्टपुष्ट पोरं आधी. तारमास्तरांनी एकदा म्हणून पाहिलं, "शेठ, चपळ पोरं घ्या." शेठ म्हणाले, "माझ्या तांदळावर वाढलेली पोरं बारीक दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" आणि कर्णधार कोण, तर शेठाणींचा धाकटा भाऊ. त्याचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. गाव त्याला मेहुणाच म्हणे.

मेहुणा स्वभावाने गोड होता. केसांना तेल लावून नीट भांग पाडून मैदानात येई. चढाईला निघाला की हुतुतूचा दम मध्यरेषेवरच निम्मा होई आणि पुढे तो भांग सांभाळत असा जपून फिरे, की समोरचे गडीसुद्धा त्याला जपूनच धरत.

मेहुणा चढाईला निघाला की तारमास्तर उठत. घरून आणलेली ती घडीची खुर्ची उचलत, उलटी फिरवत आणि मैदानाकडे पाठ करून बसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, उन्हामुळे फिरवली असेल.

"काका, काय झालं?"

"लाइन नादुरुस्त," ते समोरच्या आंब्याकडे बघत म्हणाले. "दुरुस्त झाली की सांगा."

मेहुणा बाद होऊन बाहेर बसला की मी "झाली" म्हणे आणि खुर्ची पुन्हा फिरे. हळूहळू आजूबाजूचे लोकही तसंच करू लागले. जमिनीवर बसलेली अख्खी रांग मेहुण्याच्या चढाईला ढुंगण सरकवत वळायची. एकदा शेठ स्वतः समोर आले. "तारमास्तर, तोंड इकडे करा. खेळ इकडे चाललाय."

"सुरू झाला की कळवा," तारमास्तर म्हणाले.

लोक हसले. शेठही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते ते मी पाहिलं.

शनिवारी मात्र खुर्ची घरी राही. शुक्रवारी संध्याकाळी काकू दिवे लावत, आणि तेव्हापासून शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत त्या घरात चूल पेटत नसे, कोणी काम करत नसे, पैशाला हात लावत नसे. खुर्ची उचलून नेणं हे काम. म्हणून शनिवारचे सामने तारमास्तर उभ्याने बघत.

"काका, शनिवारी शेठवर चिडणं हे काम नाही का?" मी विचारलं.

"नाही. ते आपोआप होतं."

"चूल पेटत नाही आमच्याकडे," काकू म्हणाल्या, "पण यांचं डोकं पेटतं. त्यावर भात शिजेल."

भाताची कापणी उरकली की हुतुतूचा मोसम सुरू होई, आणि दर मोसमाच्या तोंडावर तारमास्तरांना आशेचा ताप चढे. "बी.ए., यंदा नक्की. इंग्रज गेला. संस्थानिक गेले. शेठ किती टिकणार?" मग बातम्या येत. शेठ तंबूतला सिनेमा काढणार आहेत, संघाला वेळ देणार नाहीत. शेठना ज्योतिषाने सांगितलंय की खेळणाऱ्यांची संगत सोडा. शेठाणी संघाच्या जेवणावळींना कंटाळल्यात. प्रत्येक बातमी ते बाजारातून भाजीसारखी ताजी घेऊन येत. त्यांनी तर एलियाहू हनाबीला, म्हणजे नवसाला पावणाऱ्या त्यांच्या प्रेषिताला, मलिदा बोलला होता, संघ शेठच्या हातून सुटून गावाचा झाला तर. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं. नवस म्हणून बेने इस्राएल घरांत तो करतात.

"एलियाहू हनाबीला दुसरी कामं आहेत," काकू म्हणायच्या. "आजारी माणसं आहेत, समुद्रात अडकलेली गलबतं आहेत. त्याला हुतुतूत ओढू नका."

"अडकलेलंच आहे ना," तारमास्तर म्हणायचे. "आमचं गलबत मेहुण्यावर अडकलंय."

पण त्या मेहुण्यासकट संघ तग धरून होता, तो गोमामुळे. गोमा मिठागरावरचा. अंगाने सडसडीत, त्यामुळे शेठना तो फारसा पसंत नव्हता, पण चढाईला गेला की पायाखाली जमीन आहे की पाणी कळू नये असा सरके. तारमास्तर त्याला बघताना हसतही नसत, ओरडतही नसत. हात मांडीवर ठेवून बसत, देवळात बसल्यासारखे.

आणि या गोमाला शेठनी देऊन टाकलं.

झालं असं, की शेठच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न पेणच्या व्यापाऱ्याच्या घरी झालं. त्या व्याह्यांचाही हुतुतूचा संघ होता, अगदी नरम. लग्नाच्या पंगतीत व्याही सहज बोलून गेले, "बाकी सगळं आहे हो आमच्याकडे, चढाईला माणूस नाही." मुलीच्या बापाचं मन त्या दिवशी किती भरून आलेलं असतं! शेठ म्हणाले, "त्यात काय? आमचा गोमा घेऊन जा." गोमा तिथेच बुंदीचं पातेलं घेऊन उभा होता. व्याह्यांच्या दुकानात त्याला नोकरी ठरली, आणि नवऱ्या मुलीबरोबर पाठराखीण जाते तसा तो भांडीकुंडी भरलेल्या ट्रकवर बसून पेणला निघाला.

ट्रक हलला तेव्हा नवरी रडत होती, शेठाणी रडत होत्या. मंडपाच्या कडेला तारमास्तर रुमालाने डोळे टिपत होते. नवरीची आत्या त्यांना म्हणाली, "नका हो वाईट वाटून घेऊ. मुलगी सुखात राहील."

"मुलगी राहील हो," तारमास्तर म्हणाले. "गोमाचं काय?"

गावाने ही गोष्ट मनावर घेतली. न्हाव्याच्या दुकानात, मच्छीबाजारात एकच विषय. कोणी म्हणे गिरणीचा तांदूळ घेऊ नका, कोणी म्हणे शेठना निवेदन द्या. तारमास्तर सगळ्यांत पुढे. यातून काहीच निघालं नाही. लोक तांदूळ घेत राहिले, कारण तो चांगला होता. पण राग आत धुमसत राहिला, आणि पुढच्या मोसमात आमच्याच मैदानावरच्या स्पर्धेत पेणचा संघ आला तेव्हा बाहेर पडला.

शनिवार होता, म्हणून तारमास्तर उभे होते. गोमा पेणच्या बनियनीत मैदानात उतरला आणि पनवेलचं अख्खं मैदान ओरडायला लागलं, "गोमा! गोमा!" त्याने पहिल्याच चढाईत आपल्याच जुन्या सोबत्यांना बाद केलं, तर टोप्या उडाल्या. पनवेलचा गडी बाद झाला की टाळ्या. मेहुणा चढाईला निघाला की सगळं मैदान पाठ करून बसलं आणि वर हसायला लागलं. असा सामना मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही, ज्यात घरचे लोक घरच्या संघाच्या हरण्यावर नाचत होते.

एक माणूस नाचत नव्हता. तारमास्तर दोन्ही हात तोंडाशी धरून एकटेच ओरडत होते, "पनवेल! पनवेल!" त्यांचा आवाज आधीच पातळ, तो त्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार? आणि त्या दिवशी मेहुण्याच्या चढाईलाही त्यांनी पाठ केली नाही. तोंड वळवलेल्या त्या गर्दीत ते एकटे समोर बघत उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "आज तो एकटा पडलाय."

सामना संपला. शेठ मैदानात आले. चेहरा पांढरा पडलेला.

"बनियनी काढा," ते आपल्या पोरांना म्हणाले.

पोरांना कळेना. शेठ ओरडले, "काढा म्हणतो ना! आजपासून संघ बंद. ज्यांना पेणची पोरं प्यारी, त्यांनी पेणला जाऊन राहावं."

थंडीचे दिवस. पोरांनी बनियनी काढून शेठच्या पायाशी ढीग केला आणि उघडी उभी राहिली. गर्दी आधी हसली, मग एकदम गप्प झाली.

घरी जाताना वाटेत लोक तारमास्तरांचा हात हातात घेत होते. "जिंकलात, तारमास्तर! गेला शेठ!"

"गाढवांनो," तारमास्तर म्हणाले. कोणाला अपशब्द बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "शेठ नाही गेला. संघ गेला."

ते ओटीवर येऊन बसले. बोटं हलत नव्हती. तारे दिसल्यावर काकूंनी चूल पेटवली, चहा आणून ठेवला, तो निवला. तेवढ्यात फाटक वाजलं आणि गोमा आत आला. पेणचा ट्रक सुटायच्या आधी भेटून जावं म्हणून आला होता. ओटीच्या खालीच उकिडवा बसला.

"तारमास्तर, रागवू नका. मी काय करू? शेठ बोलला जा, तं आमी गेलो."

"तुला नाही म्हणता आलं नाही?"

"मालकाला नाय कसा बोलनार? तुमी बोलला असता ऱ्हा, तं ऱ्हायलो असतो." तो उठून उभा राहिला. "पन तुमी मालक नाय. तुमी नुसते बघनारे."

गोमा फाटकाबाहेर दिसेनासा होईपर्यंत तारमास्तर त्याच्याकडे बघत होते. मग बोटं सुरू झाली, आधी सावकाश, मग भराभर.

"बी.ए., उद्या सकाळी मोकळे आहात?"

"आहे. कुठे जायचंय?"

"मागणी घालायला."

रविवारी सकाळी त्यांनी कोट झटकला, टोपी ब्रशने साफ केली आणि तबकात नारळ, सुपारी, खडीसाखर ठेवली. काकू बघत होत्या. "कोणाचं लग्न?"

"संघाचं."

काकूंना त्यांच्याबरोबर संसार करून इतकी वर्षं झाली होती की जास्त विचारावं लागलं नाही. "मग थांबा," त्या म्हणाल्या. "मागणी घालायला घरची बाई बरोबर लागते. तुम्ही दोघं गेलात तर वसुलीला आलात असं वाटेल." त्या ठेवणीतलं नऊवारी नेसून आल्या. मला कशाला नेताय विचारलं, तर तारमास्तर म्हणाले, "शेठ लोक बी.ए.ला वचकून असतात. तुम्ही बोलू नका. नुसते असा."

शेठ ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. रात्रभर झोपले नसावेत. आम्हाला बघून म्हणाले, "या. जखमेवर मीठ चोळायचं राहिलं असेल."

तारमास्तरांनी तबक झोपाळ्यापाशी ठेवलं. "शेठ, तुमच्या घरी मुलगी आहे."

"एकच होती. पेणला दिली, तुम्हाला माहीत आहे."

"आणखी एक आहे. लहानपणापासून वाढवलीत. कपडेलत्ते केलेत, पोटभर खाऊ घातलंत. काल चारचौघांत घराबाहेर काढलीत. उघडी. थंडीत."

शेठ तबकाकडे बघत राहिले. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं.

"संघ म्हणता?"

"तिला मागणी घालायला आलोय."

"कोणासाठी?"

"गावासाठी."

"गावाची ऐपत काय?"

"मुलाकडची गरीब आहेत हो," काकू म्हणाल्या, "पण माणसं चांगली आहेत. फक्त काल जरा चुकली."

आतल्या दाराशी शेठाणी येऊन उभ्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. शेठ हसले नाहीत. ते झोपाळा थांबवून म्हणाले, "तारमास्तर, तुम्ही मला पाठ दाखवलीत. इतकी वर्षं. मी काय कमी केलं संघासाठी?"

मला वाटलं, आता तारेसारखं काहीतरी उत्तर येणार आणि सगळं बिघडणार. पण तारमास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते सावकाश, पूर्ण वाक्यांत बोलले. "पाठ दाखवली, कारण बघवत नव्हतं. पण शेठ, तुम्ही नसतात तर बघायला काहीच नसतं. हुतुतूची पोरं या गावात आधीही होती, संघ नव्हता. तो तुम्ही केलात. हे मी कधी बोललो नाही. शिव्या रोज पोचवल्या, हे पोचवायचं राहिलं."

शेठनी धोतराच्या सोग्याने चेहरा पुसला.

"एक अट," ते अखेर म्हणाले. "माझा मेहुणा संघात राहील."

तारमास्तरांची बोटं गुडघ्यावर वाजू लागली. काकू माझ्याकडे बघू लागल्या, मी जमिनीकडे.

"राहील," तारमास्तर म्हणाले. "राखीव."

मेहुणा दाराआड उभा होता हे आम्हाला तेव्हा कळलं. तो पुढे आला. "राखीव म्हणजे बसून बघायचं?"

"हो."

"सगळे सामने?"

"शक्यतो सगळे."

मेहुण्याने सुटकेचा असा श्वास सोडला, की तेवढा दम मैदानात असता तर आम्ही एकही सामना हरलो नसतो. "चालेल! दाजी, खरं सांगू? मला चढाईला जायला कधीच आवडलं नाही. भीती वाटते. तुम्ही म्हणायचात म्हणून जायचो."

शेठ त्याच्याकडे बघतच राहिले. "मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही मालक ना," मेहुणा म्हणाला.

मग मात्र शेठ हसले. आधी नुसतं पोट हललं, मग झोपाळा हलायला लागला. त्यांनी तबकातला नारळ उचलून कपाळाला लावला. "दिली," ते म्हणाले. "सांभाळा."

आम्ही उठलो, तेव्हा शेठाणी पुढे आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आणि त्या गोमाचं काय ते बघा. पाठराखीण चार दिवस राहून परत येते. कायमची कोणी ठेवून घेतं का? मी विहीणबाईंना निरोप धाडते." आणि निरोप गेला. विहीणबाईंनी काय केलं कोण जाणे, पण गोमा आठवड्याच्या आत पनवेलच्या रस्त्यावर दिसला.

तारमास्तरांकडे मलिदा झाला. त्यातला माझा वाटा मला केळीच्या पानावर मिळाला. गावाची एक समिती झाली, तिच्यात न्हावी होता, मच्छीबाजारातली एक आजी होती, कोपऱ्यावरचे घड्याळवाले चाचा होते आणि "बी.ए. पाहिजेतच" म्हणून मीही. पोरांना कोऱ्या बनियनी आणल्या आणि काकूंनी त्यांच्यावर लाल दोऱ्याने 'पनवेल' एवढंच काढलं. चढाईला कोणी जायचं ते पोरांनी आपसांत ठरवलं.

गावाच्या संघाचा पहिला सामना आमच्याच मैदानावर झाला, आणि आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. उरणची पोरं फारच चांगली खेळली. मी तारमास्तरांकडे भीत भीत पाहिलं. त्यांचा चेहरा लग्न उरकलेल्या यजमानासारखा झाला होता, दमलेला आणि तृप्त.

"हरलो," ते आपल्याशीच म्हणाले, आणि पुढे कारण दिलंच नाही.

लोक पांगले. दिवेलागण झाली. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की पोरं मैदानाच्या कडेला अंगावर टॉवेल घेऊन उभी आहेत आणि आमच्याकडे बघतायत. समितीने बनियनींचा विचार केला होता, चुन्याच्या रेघांचा केला होता, उरणकरांच्या पाहुणचाराचासुद्धा केला होता. आपल्या पोरांच्या जेवणाचा कोणी केला नव्हता. ते इतकी वर्षं शेठकडे असे. आम्हाला वाटलं होतं, आपोआप होतं.

"काय रे, भूक लागली?" तारमास्तरांनी विचारलं.

"लागली तं," गोमा म्हणाला. "पन ऱ्हाऊ द्या. आमी जातो चालत."

"कोणी कुठे जाणार नाही. घरी चला."

काकूंनी ओटीवरून ती वरात येताना पाहिली आणि कमरेला हात लावले. "अहो! सांगायचंत तरी!"

"तार करायला वेळ नव्हता."

"आणि ताटं? माझ्याकडे ताटं आहेत का एवढी?" पण बोलता बोलता त्या आत गेल्या होत्या, तवा चुलीवर चढला होता, घावनाचं पीठ कालवलं जात होतं, मी नारळ खवत होतो आणि संध्याकाळी आणलेल्या माशांना हिरवं वाटण लागत होतं. पोरं विहिरीवर हातपाय धूत होती.

"तुम्ही जा," काकू आतून ओरडल्या, "आणि आळीतून ताटं मागून आणा!"

तारमास्तर पोरांना बरोबर घेऊन गेले, ताटं उचलायला. मी घावनं उलटत होतो. एकेक घावन जाळीदार, पांढरं, टोपलीत पडत होतं आणि टोपली भरत चालली होती. बराच वेळ झाला. ताटं येईनात.

शेवटी तारमास्तर आले. एकटे. हात मोकळे.

"ताटं?" काकूंनी विचारलं.

"मिळाली नाहीत."

"इतक्या मोठ्या आळीत कोणी ताट दिलं नाही?"

"सगळे देत होते. घड्याळवाले चाचा म्हणाले, ताटं घ्या की, पण दोन पोरं आमची मेहमान, ती इथेच जेवतील. पलीकडच्या आजी म्हणाल्या, ताट देते, पण गोमाला इथे बसवा, वरणभातच आहे पण तूप चांगलं आहे. न्हाव्याने एकाला ओढून आतच नेलं. पोस्टमनच्या बायकोने दोघांना." ते कोट काढून खुंटीला अडकवायला लागले. "एकेक ताट मागत गेलो आणि एकेक पोरगा संपत गेला."

काकू टोपलीकडे बघत होत्या. घावनांचा ढीग कडेच्या वर गेला होता आणि माशाचं भांडं चुलीवर रटरटत होतं.

"मग हे सगळं आता कोण खाणार?"

तारमास्तर पाटावर येऊन बसले. घरातलं पहिलं ताट त्यांनी माझ्यापुढे सरकवलं, दुसरं स्वतःपुढे ओढलं.

"मालक," ते म्हणाले.

आम्ही तिघं मालक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घावनं खात होतो.